शेजाऱ्याचे रक्त आणि गावाचे मौन

लहान गावात मरण ही एका घराची गोष्ट राहत नाही. कोणाच्या घरचा दिवा मालवला हे उजाडण्यापूर्वी सर्व आळ्यांना कळते. कोणी सरपण आणितो, कोणी पाणी तापवितो, कोणी पाहुण्यांना निरोप द्यावयास निघतो. आणि ज्यांचे वर्षभर एकमेकांशी बोलणे नव्हते तेही त्या दिवशी एकाच ओट्यावर बसतात. हा आपल्या खेड्यांचा मोठा गुण आहे. परंतु कधी कधी असे मरण येते की, त्या दारी जमलेली माणसे एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. ते मरण कसे आले याविषयी एक गोष्ट मोठ्याने सांगितली जाते आणि दुसरी हळूच. अशा वेळी गावाचे कर्तव्य काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

हा प्रश्न पोलिसांविषयी नाही व न्यायाधीशांविषयीही नाही; त्यांची कामे कायद्याने ठरवून दिलेली आहेत. जो मारणारा नव्हे आणि मेलेल्याचा नातलगही नव्हे, पण ज्याने काही पाहिले आहे किंवा ज्याच्या कानी काही पडले आहे, अशा शेजाऱ्याविषयी हा प्रश्न आहे. त्याच्यावर मेलेल्याचे काही ऋण आहे काय? आणि असल्यास ते त्याने कसे फेडावे?

याचा विचार करण्यासाठी आम्ही एका दूरच्या गावची हकीकत घेतो. आपल्या गावची घेतली तर मने दुखावतात, आणि वाचक विचार करण्याऐवजी बाजू घेऊ लागतो.

इंग्लंडात वॉरविकशायर परगण्यात, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या शहरापासून काही मैलांवर, लोअर क्विंटन नावाचे खेडे आहे. गावाला लागून मीऑन हिल नावाची टेकडी आहे व तिच्या उतारावर शेते आहेत. तेथे चार्ल्स वॉल्टन नावाचा चौऱ्याहत्तर वर्षांचा शेतमजूर राहत असे. त्याची बायको पूर्वीच वारली होती. लहानपणी आई गेलेली एक पुतणी त्याने आपल्या घरी वाढविली होती व तीच आता त्याचे घर चालवीत होती. संधिवातामुळे तो काठी टेकीत चाले, तरी हवा बरी असली म्हणजे शेतांच्या कुंपणाची झाडोरी छाटण्याच्या कामावर जाई. तारीख १४ फेब्रुवारी १९४५ रोजी सकाळी तो असाच कामावर गेला. नेहमी चार वाजण्याच्या सुमारास परतणारा हा म्हातारा संध्याकाळी सहा वाजता पुतणी कामावरून आली तेव्हाही घरी नव्हता. तिने शेजाऱ्याला हाक मारिली, दोघे ज्याच्या शेतात काम चालू होते त्या शेतकऱ्याकडे गेले, आणि तिघांनी मिळून अंधारात शोध केला. कुंपणाशी म्हाताऱ्याचे प्रेत सापडले. त्याच्याच काठीने त्याला मारले होते, त्याच्याच कोयत्याने त्याचा गळा चिरला होता, आणि गवत उचलण्याचे त्याचेच दोन दातांचे दाताळे मानेच्या दोन्ही बाजूंनी जमिनीत रोवले होते. त्याच्या खिशातील घड्याळ नाहीसे झाले होते.

त्या वेळी महायुद्ध चालू होते, तरी या गरीब मजुराच्या मृत्यूच्या तपासात सरकारने हयगय केली नाही. लंडनच्या स्कॉटलंड यार्डातून रॉबर्ट फेबियन हा त्या काळचा नामांकित अधिकारी आला. विमानातून टेकडीची छायाचित्रे काढिली; लष्कराने सुरुंग शोधण्याच्या यंत्रांनी घड्याळासाठी जमीन धुंडाळली; प्राध्यापक वेबस्टर या तज्ज्ञाने शवचिकित्सा केली. जवळच लाँग मार्स्टन येथे युद्धकैद्यांची छावणी होती, तेथील परक्या माणसांवर प्रथम संशय गेला. पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. घरोघर जाऊन जबान्या घेतल्या. फेबियनने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे त्यावरून दिसते की, त्याला गावात दारे मिटलेली व तोंडे बंद आढळली. मार्च १९४५ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निकाल लागला तो इतकाच की, अज्ञात व्यक्तीने अगर व्यक्तींनी केलेला हा खून आहे. त्यानंतर कोणावरही आरोप ठेवण्यात आला नाही. पंधरा वर्षांनी, १९६० साली, वॉल्टनच्या झोपडीच्या मागल्या परसात एक जुने घड्याळ सापडले व ते त्याचेच असे मानले गेले. ते तेथे कसे आले हे कोणी सांगू शकले नाही.

गावकऱ्यांना खरोखरच काही ठाऊक होते काय, हे आज ठरविणे शक्य नाही, आणि मेलेल्या पिढीवर ठपका ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. कदाचित एकाला ठाऊक असेल, कदाचित दोघांना. बाकीचे सारे आपणासारखेच अंधारात असतील. परंतु येथेच मौनाचा पहिला अपराध दिसून येतो. जो जाणतो तो गप्प राहिला म्हणजे त्याचे मौन आणि न जाणणाऱ्यांचे अज्ञान बाहेरच्या मनुष्यास सारखेच दिसते. एकाच्या गप्प बसण्याने चारशे निरपराधी माणसांच्या तोंडाला संशयाचे काळे लागते. त्या गावाचे नाव आज कोणी घेतले तर त्याच्या सुंदर देवळाविषयी किंवा त्याच्या कष्टाळू लोकांविषयी बोलत नाही; त्या एका कुंपणाविषयी बोलतो.

मौनाच्या मागोमाग कुजबूज आली. जेथे साक्ष मिळत नाही ती जागा रिकामी राहत नाही. तेथे वदंता येऊन बसते. म्हातारा मोठा विचित्र होता, तो चेटूक जाणत असे, अशी कंडी पिकली. जे. हार्वे ब्लूम नावाच्या एका पाळकाने त्या प्रांतातील लोककथांचे एक पुस्तक पूर्वी लिहिले होते. त्यात चार्ल्स वॉल्टन नावाच्या एका नांगऱ्या पोराची कथा होती: १८८५ साली त्याला संध्याकाळी वाटेवर ओळीने नऊ वेळा काळे कुत्रे दिसले, शेवटी मस्तक नसलेली स्त्री दिसली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बहीण वारल्याचे कळले. हा पोरगा तोच म्हातारा होता याला कसलाही पुरावा नाही. तरी नाव जुळले तेवढ्यावर लोकांनी दोघांना एक केले. मग आणखी एक जुनी गोष्ट उकरून काढण्यात आली. जवळच्या लाँग कॉम्प्टन गावी १८७५ साली अ‍ॅन टेनंट नावाच्या वृद्ध स्त्रीला जेम्स हेवुड नावाच्या भ्रमिष्ट मनुष्याने ती चेटकीण आहे या समजुतीने दाताळ्यानेच ठार केले होते. दोन मृत्यूंमध्ये सत्तर वर्षांचे अंतर होते, तरी दाताळे जुळले, म्हणून तीही गोष्ट याला जोडली गेली. १९५० साली मार्गारेट मरे या प्राचीन मिसर देशाच्या विद्येत पंडिता असलेल्या बाईंनी गावाला भेट दिली व हा मृत्यू चेटकाच्या समजुतींशी निगडित असावा असे मत वर्तमानपत्रांतून मांडले. म्हाताऱ्याच्या छातीवर क्रूस कोरलेला होता असेही पुढे छापले गेले. वास्तविक शवचिकित्सेच्या अहवालात तसे काही नव्हते.

वाचकांनी या गोष्टीचा नीट विचार करावा. एक म्हातारा मजूर आयुष्यभर कष्ट करितो, अनाथ पुतणीला वाढवितो, आणि दुखऱ्या सांध्यांनी कामावर जाऊन मारला जातो. गावाने त्याला न्याय मिळवून दिला नाही, एवढेच नव्हे, तर त्याचे नावही राहू दिले नाही. त्याच्या जागी एक चेटक्या उभा केला. ज्याला पहिल्या वेळी हत्याराने मारले त्याला दुसऱ्या वेळी जिभेने मारिले. शिवाय ज्या शेतकऱ्याच्या शेतात तो काम करीत होता त्याच्यावर पोलिसांचा संशय होता, कारण त्याच्या जबानीत मेळ नव्हता. पण पुरावा मिळाला नाही. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. तो दोषी असेल तर त्याला कधी शिक्षा झाली नाही. तो निर्दोषी असेल तर मरेपर्यंत आणि मेल्यावरही त्याची सुटका झाली नाही. मौनाने अपराध्यास वाचविले असेल किंवा नसेल. निरपराध्यास मात्र ते वाचवू शकत नाही.

यावरून आम्हांस असे दिसते की, ज्यांना आपण एकमेकांच्या विरुद्ध समजतो ते मौन आणि ती कुजबूज वस्तुतः एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. चावडीवर फौजदारापुढे “साहेब, मला काही ठाऊक नाही” असे म्हणणारा मनुष्य संध्याकाळी पारावर बसून “मी तर आधीच म्हणत होतो” असे म्हणतो. सांगावयाचे तेथे सांगत नाही, आणि सांगू नये तेथे पदरची भर घालून सांगतो. दोन्हींत एकच गोष्ट त्याला नको असते, ती म्हणजे आपल्या शब्दाची जबाबदारी. मौनात शब्दच नसतो. कुजबुजीत शब्द असतो, पण तो कोणाचा हे ठाऊक नसते. साक्ष म्हणजे स्वतःचे नाव लावून उच्चारलेला शब्द होय.

मोशेच्या नियमशास्त्राने हे संधान फार पूर्वी ओळखले होते. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, सोळाव्या वचनात, दोन आज्ञा एकत्र दिलेल्या आहेत: एक, आपल्या लोकांत चहाड्या करीत फिरू नये, आणि दुसरी, शेजाऱ्याच्या प्राणावर बेतले असता आपण नुसते उभे राहू नये. पहिली आज्ञा फार बोलणाऱ्यास आहे, दुसरी न बोलणाऱ्यास आहे, आणि दोन्ही एकाच वचनात आहेत. आपण बहुधा त्यांतील एक पाळून दुसरी मोडितो. “आम्ही कोणाची चहाडी करीत नाही,” असे म्हणून कित्येक सज्जन आपल्या मौनाला पुण्य समजतात. त्यांनी ते वचन शेवटपर्यंत वाचावे.

याच शास्त्रात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, मारणारा ठाऊक नाही अशा प्रेताविषयी एक विलक्षण नियम आहे. रानात कोणी मारून टाकलेला आढळला, आणि कोणी मारले हे कळत नसले, तर वडील जन व न्यायाधीश यांनी येऊन प्रेतापासून भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ असेल त्याच्या वडील जनांनी कधी जू न वाहिलेली एक कालवड घ्यावी, वाहत्या ओढ्याच्या, कधी न नांगरलेल्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडावी, आणि तिच्यावर हात धुऊन देवापुढे जाहीर करावे की, आमच्या हातांनी हे रक्त पाडले नाही व आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही. आज आपण कालवडी मारीत नाही. परंतु त्या नियमातील दोन गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, अंतर मोजले जाई. “तो परका होता, आमच्या गावचा नव्हता,” असे म्हणून कोणालाही सुटता येत नसे. जो जवळचा तो जबाबदार, मग त्याने मारले असो वा नसो. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्या जाहीरनाम्याला दोन भाग होते: हातांनी केले नाही, आणि डोळ्यांनी पाहिले नाही. ज्याला पहिला भाग म्हणता येतो पण दुसरा म्हणता येत नाही त्याला हात धुण्याचा अधिकार नव्हता. पिलातानेही लोकांपुढे हात धुतले. पण त्याच्या डोळ्यांनी सर्व पाहिले होते, म्हणून त्या पाण्याने त्याचे काही धुतले गेले नाही. आपल्या गावात संशयित मृत्यू झाल्यावर “माझा त्यात हात नाही” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते खरेही असते. पण प्रश्न डोळ्यांचाही आहे.

ही केवळ एका धर्माची कल्पना आहे असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अकस्मात मेलेल्याच्या परीक्षेचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रेताला तेल लावून त्यावरील खुणा पाहाव्या, गळा दाबला, बुडविले की विष दिले हे ताडावे, आणि त्याच्या भोवतालच्या माणसांस विचारावे, असे त्यात सांगितले आहे. इंग्लंडात नॉर्मन राजांनी परक्याच्या खुनाबद्दल सर्व परिसरावर दंड बसविण्याची चाल घातली; तो १३४० साली बंद झाला. त्या दंडातून सुटावयाचे असल्यास मेलेला नॉर्मन नसून इंग्रज होता असे सिद्ध करावे लागे. तेव्हा मारणारा कोण हे शोधण्यापेक्षा मेलेला कोण हे सिद्ध करण्याकडेच लोकांचे लक्ष लागले. दंडाच्या भीतीने मनुष्य सुटकेची वाट शोधितो, सत्याची शोधीत नाही, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या देशाचा कायदा याविषयी काय म्हणतो हे पुष्कळांस ठाऊक नसते. गावात अगर गावाजवळ अकस्मात, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू घडला तर आपल्याजवळ असलेली माहिती ताबडतोब जवळच्या मॅजिस्ट्रेटास किंवा पोलीस ठाण्यास कळविणे हे गावच्या कामगारांचेच नव्हे तर गावात राहणाऱ्या प्रत्येक मनुष्याचे कर्तव्य आहे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. म्हणजे पोलीस पाटील आहे, तो पाहून घेईल, असे म्हणून इतरांनी घरी बसावे असे कायद्याला मान्य नाही. प्रेताचा पंचनामा होतो तोही शेजारच्या प्रतिष्ठित रहिवाशांपुढे. ज्याला पंच म्हणून बोलाविले त्याने न पाहता सही केली तर ती सही खोट्या साक्षीहून फार दूर नाही.

आमच्या मनात विशेषेकरून जे मरण आहे त्याचे नाव घेतल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. सासरी नांदणारी तरुण मुलगी विहिरीत सापडते, आणि पाय घसरला असे सांगतात. कोणी स्टोव्हने भाजते, आणि पदर पेटला असे सांगतात. कित्येक वेळा ते खरेही असते. परंतु कित्येक वेळा शेजारच्या घराला भिंतीपलीकडचे महिनोन् महिने ऐकू आलेले असते. पाणवठ्यावरच्या बायांना तिच्या दंडावरचे वळ दिसलेले असतात. माहेरहून मोटारसायकल किंवा रोकड आण म्हणून तिला कोणी हिणवीत असे, हे अर्ध्या गल्लीला ठाऊक असते. १९८६ साली दंडविधानात हुंडाबळीचे कलम घालण्यात आले, व ते आज भारतीय न्याय संहितेतही आहे. लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा अस्वाभाविक मृत्यू झाला, आणि मृत्यूच्या थोड्याच आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाला असे दाखविता आले, तर त्या छळणाऱ्यांनीच तो मृत्यू घडविला असे न्यायालयाने गृहीत धरावे, असा नियम आहे. याचा अर्थ वाचकांनी समजून घ्यावा. भिंतींआड काय झाले हे कोणी पाहिलेले नसते, हे कायद्याने जाणले आहे, म्हणून तो शेजाऱ्याला एवढेच विचारितो की, त्याआधी तू काय ऐकिलेस? ते सांगणारा कोणी नसेल तर एवढा जपून केलेला नियमही लुळा पडतो. त्या मुलीचे आईबाप दूरच्या गावी असतात. तिच्या शेवटच्या दिवसांचे साक्षी आपणच असतो.

आता जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू. कारण ते सर्वच भ्याडपणाचे असतात असे आम्हांस वाटत नाही.

पहिला आक्षेप असा की, आम्हांस याच गावात राहावयाचे आहे. बांधाला बांध लागलेला आहे, उचल त्यांच्याकडून घेतलेली आहे, मुलीची सोयरीक त्यांच्या भावकीत झालेली आहे. फौजदार परवा निघून जाईल. आम्ही कोठे जावे? हा आक्षेप खरा आहे, व ज्याला तो लागू नाही अशा शहरातील मनुष्याने त्याला हसू नये. गावाचे सलोख्याने राहणे ही गरिबाची जणू ठेवच असते. परंतु ज्या सलोख्याखाली एक प्रेत पुरलेले आहे तो सलोखा किती दिवस टिकतो? त्या घरी आपली पुढची मुलगी देताना हात थरथरत नाही काय? शिवाय एकट्याला जे जड जाते ते पाच जणांनी मिळून केले तर हलके होते. म्हणून मंडळीतील वडीलधाऱ्यांनी साक्ष देणाऱ्याला एकटे ठाण्यावर पाठवू नये. त्याच्याबरोबर जावे, व परत आल्यावर त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे.

दुसरा आक्षेप असा की, मेलेला परत येत नाही. हे कोण नाकारितो? पण चौकशी केवळ मेलेल्यासाठी नसते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईला आपले लेकरू कसे गेले हे कळण्याचा हक्क आहे. दुसरे असे की, ज्या घरी एक मृत्यू पचला तेथे दुसरा होण्याची भीती असते. आणि तिसरे असे की, ज्यांच्यावर संशय खोटा आहे त्यांचा चौकशीहून मोठा मित्र कोणी नाही. पुष्कळ अकस्मात मृत्यू सापाने, हृदयविकाराने किंवा झटक्याने होतात. वेळीच शवचिकित्सा झाली तर सावत्र आईवरचा किंवा सुनेवरचा विषाचा आळ कायमचा जातो. घाईघाईने माती दिली तर तो आळ तिच्याबरोबर तिच्या मातीपर्यंत जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारणीय आहे. आपण चुकलो तर? आपल्या शब्दाने निर्दोषी मनुष्य तुरुंगात गेला तर? इज्रेल गावच्या वडील जनांची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ईजबेल राणीची पत्रे आली, आणि त्या प्रतिष्ठित लोकांनी आपलाच शेजारी नाबोथ याच्यावर दोन खोटे साक्षी उभे करून त्याला दगडमार करविला. कोणाचे हात थरथरले नाहीत. सर्व काही विधिपूर्वक झाले. तेव्हा बोलणे नेहमी पुण्य आणि गप्प राहणे नेहमी पाप, असे आम्ही म्हणत नाही. खोटी साक्ष हाही एक खूनच आहे. एकाच साक्षीदाराच्या तोंडावरून कोणाचा प्राण घेऊ नये असा निर्बंध मोशेने घातला तो याच भीतीने. पण या आक्षेपाचे उत्तर मौनात नाही. साक्ष देण्याच्या शिस्तीत आहे.

ती शिस्त अशी. जे पाहिले ते सांगावे. जितके पाहिले तितकेच सांगावे. आणि जेथे सांगावयाचे तेथे सांगावे. रात्री ओरडणे ऐकू आले, तर ओरडणे ऐकू आले असे म्हणावे. अमक्याने मारिले असे म्हणू नये. अमका मनुष्य पहाटे विहिरीकडून येताना दिसला, तर तेवढेच सांगावे. त्याचा हेतू आपल्या पदरचा घालू नये. न्याय करण्याचे ओझे साक्षीदारावर नाही. तो भार त्याने उचलावयाचा नसतो, म्हणूनच त्याने भिऊ नये. अनेकांच्या जवळ असलेले लहान लहान तुकडे एकत्र आल्यावरच न्यायाधीशास चित्र दिसते. एखाद्याने आपला तुकडा क्षुल्लक समजून ठेवून घेतला तर कदाचित नेमके तेथेच चित्र अपुरे राहते.

यावरून काही साधी कर्तव्ये निघतात, ती मंडळ्यांनी मनावर घ्यावी. संशयास जागा असेल तेथे मातीची घाई करू नये. नातलगांनी आग्रह केला तरी पाळकाने व वडील जनांनी थांबण्यास सांगावे. मृत्यूची जागा जशी आहे तशी राहू द्यावी. धुणे, सारवणे, कपडे जाळणे करू नये व करू देऊ नये. पाळकाकडे कोणी मन मोकळे करावयास आला तर त्याचे सांत्वन जरूर करावे. पण त्या सांत्वनाने त्याचे सत्य निजवू नये, तर ते जेथे सांगावयाचे तेथपर्यंत त्याचा हात धरून न्यावे. मेलेल्याच्या घरी पहिल्या तीन दिवसांनंतरही जात राहावे, कारण संशयित मृत्यूच्या घरी लोक लवकर येईनासे होतात. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्या मुलाबाळांना पाणवठ्यावर टाकून बोलू नये. त्यांनी काही केलेले नाही.

भूतबाधा, करणी, चेटूक अशा गोष्टींना तर मंडळीत थारा मिळता कामा नये. क्विंटनच्या म्हाताऱ्याचे काय झाले ते आपण पाहिले. करणीचे नाव निघाले की तपास थांबतो, आणि बहुधा एखादी निराधार विधवा त्यात सापडते. कोणावर चेटकाचा आळ घालून त्याला छळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधीच आपल्या विवेकाने त्याला गुन्हा म्हटले पाहिजे.

मेलेल्या मनुष्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्याच्याविषयी काय बोलले जाते ते तो ऐकत नाही, व खोटे बोलणाऱ्याला अडवू शकत नाही. गावातील सर्वांत दुबळा मनुष्य कोण, असे कोणी विचारील तर आम्ही म्हणू की, ज्याच्या मरणाचे कारण दडविले गेले तो. काइनाला आपला भाऊ कोठे आहे असे विचारले तेव्हा त्याने उलट विचारिले की, मी त्याचा राखणदार आहे काय. हाबेलास आम्ही मारिले नाही. तरी तो प्रश्न आम्हांसही विचारला जातो, आणि आमच्या गावात, आमच्या भिंतीपलीकडे, आमच्या ऐकण्यात ज्याचा आवाज बंद झाला त्याच्याविषयी आम्हांस उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर देण्याची वेळ येण्यापूर्वी, ज्याच्याजवळ जे आहे ते त्याने उद्या सकाळी ठाण्यावर जाऊन सांगावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.